फुंक पुरी झाली नाही

कुसुमताई,

मंगळवारी कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली. आपले पर्सोनेल ऑफिसर साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमचं काम इतकं चोख होतं की त्यांच्या प्रोग्रॅमनं कधी एरर म्हणून दिली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दोन मिनिटं उभं राहणं झालं. त्या दोन मिनिटांत मी तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी काहीही केलं नाही. साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत मी दात आवळून उभा होतो. तुमचा एवढा मोठा अपमान त्यांनी तुमच्या जिवंतपणीसुद्धा केला नव्हता.

गेले कित्येक महिने तुम्ही खपलात ती प्रोग्रॅमनं एरर द्यावी म्हणून. वेळेवर द्यावी, स्पष्ट द्यावी, तिचं नाव घेऊन द्यावी म्हणून. आणि ज्या माणसाला ती ऐकायची नव्हती, तोच तुमच्या फोटोला हार घालून सांगत होता की ती कधी आलीच नाही. मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. म्हणून आज हे लिहितो आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा राग एकट्या साहेबांवर नाही. तुमच्यावरही आहे.

मी गिरणीच्या कॉम्प्युटर रूममध्ये लागलो तेव्हा तुम्ही मला पहिल्याच दिवशी दाराबाहेर थांबवलंत. "चपला काढ गा. मशीनले धूळ चालत नाही." मी चपला काढल्या आणि म्हणालो, "खाली खात्यात माणसं दिवसभर कापसाची धूळ खातात, ती चालते?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "बाप्पा! भाषण करणारा आला वाटते."

भाषण नव्हे, पत्रकं. आमच्या घरात सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास भाजीच्या फोडणीसारखा रोजचा होता. वडील ती पत्रकं लिहायचे, आई खळ शिजवायची, आणि मी ती सीताबर्डीच्या भिंतींवर डकवत मोठा झालो. आठवड्याभरानं मी स्वतः लिहिलेलं एक पत्रक मोठ्या ऐटीत तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत, घडी घातली आणि परत केलंत.

"अन्याय होऊन राहिला म्हणतं. कोनावर?"

"कामगारांवर."

"कोन्या कामगारावर? कोन्या खात्यात? कोन करून राहिलं, कवापासून?" मग तुम्ही पडद्याकडे बोट केलंत. "आपला जुना प्रोग्रॅम असाच होता पाह्य. काही बिघडलं का फक्त म्हणे, चूक आहे. आता चूक आहे हे तं मलेही समजते, काहीतरी जळून राहिल्याचा वास येते. पण कुठं धावू?"

मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. पंचवीस वर्षं पंचकार्डांना भोकं पाडण्यापासून वर आलेल्या बाईनं माझ्या पत्रकाला जुन्या प्रोग्रॅमच्या पंगतीला बसवावं!

तेव्हाच गिरणीत फुंकेच्या तपासणीचं काम आपल्याकडे आलं. वर्षातून एकदा प्रत्येक कामगारानं दवाखान्यात जाऊन रबरी नळीत जोरानं फुंकायचं. कंपाउंडर यंत्रावरचा आकडा फॉर्मवर लिहिणार, टाइमऑफिसचा क्लार्क बोबडे तो आपल्या मशीनवर भरणार, आणि मागच्या वर्षापेक्षा ज्याचा आकडा फार घसरला असेल त्याला धुळीच्या खात्यातून दुसरीकडे हलवायचं. एवढं साधं काम. धुळीनं छाती धरलेल्या माणसाला वेळेत बाहेर काढण्याचा गिरणीत दुसरा मार्ग नव्हता.

आकडा नसला, किंवा भलताच असला, तर काय करायचं, यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, सगळं थांबवायचं. एक फॉर्म चुकला की पूर्ण गठ्ठा थांबला पाहिजे. चूक म्हणजे चूक, तिच्यात लहानमोठी नसते.

"हा संप झाला," तुम्ही म्हणालात.

"संपच हवा."

"आणि संपात कोनाचे हाल होतात ते पायलं का कधी?" पण मी ऐकेना, तेव्हा खांदे उडवून म्हणालात, "कर मंग. पाहू."

पहिले चार दिवस गठ्ठा दिवसातून सात-आठदा थांबायचा. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'चूक' उमटायचं आणि बोबडे घाम पुसत खाली पळायचा. पाचव्या दिवशी गठ्ठा एकदाही थांबला नाही. सहाव्या दिवशीही नाही. मी चहा मागवला. म्हणालो, ताई, बघा, शिस्त कशी लागते.

तुम्ही चहा घेतला नाहीत. मागच्या वर्षाचे फॉर्म कपाटातून काढलेत, यंदाच्या फॉर्मशेजारी टेबलावर मांडलेत आणि लाल पेन्सिलनं खुणा करायला लागलात. चौदा माणसांचे आकडे दोन्ही वर्षी तंतोतंत एकच होते. बोबडेला बोलावलंत. तो बिचारा दारातच चपला काढून, हात जोडून उभा.

"बोबडे, हे काय होय?"

"ताई, फॉर्मवर आकडाच नव्हता. घर रिकामं. रिकामं भरलं का मशीन थांबे, मशीन थांबलं का साहेब मले झाडे. मंग मी मागच्या सालचा आकडा टाकला."

"काहून टाकला पण?"

"आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याचा थोडी टाकला? ज्याचा त्याचाच हाय ना आकडा!"

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. त्याला खरंच वाटत होतं की आपण प्रामाणिक राहिलो. आणि त्याला खोटं भरायला मी शिकवलं होतं. जिथे खरं बोललं की मार बसतो, तिथे माणूस खपेल असा आकडा भरतो. हे मी कितीतरी पत्रकांतून मालकांविषयी लिहिलं होतं. स्वतःच्या प्रोग्रॅमविषयी ते मला दिसलं नाही.

त्या चौदांत ब्लो-रूममधला नामदेव होता. कापसाचे गठ्ठे जिथे फोडतात ते खातं. तिथे आत उभं राहिलं की पापण्या पांढऱ्या होतात. तुम्ही मला घेऊन खाली गेलात आणि त्याला विचारलंत, तू नळीत फुंकलं नव्हतं का?

"फुंकलं ना ताई. पण अर्ध्यातच खोकला आला. तीनदा केलं. मंग कंपाउंडर म्हणे जाऊ दे, मागं लाइन हाय."

"आणि एरवी कसं वाटते?"

"एरवी काही नाही. सोमवारी, सुट्टीहून आलं का, तेवढं कोनी छातीवर बसल्यावानी वाटते. मंगळवारी उतरते."

ज्याला फुंकता आलं नाही, तोच सगळ्यात आधी हलवायला हवा होता. आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्याच्या नावापुढे 'नॉर्मल' छापलं होतं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबलात, कठड्याला हात टेकून दम घेतलात आणि म्हणालात, "तुही नियत साफ होती. नुसत्या नियतनं त्याची छाती साफ होत नाही." झालं. त्यापेक्षा झापलं असतंत तर बरं झालं असतं.

मग तुम्ही प्रोग्रॅम नव्यानं बांधायला घेतलात. पुण्याच्या तुमच्या भाच्यानं पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या फ्लॉप्या आणल्या होत्या, ज्यात ऑब्जेक्ट नावाची, आपली माहिती आपल्याच पोटात बाळगणारी गोष्ट होती. मला वाटलं, चला, ताईंना खेळणं मिळालं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही 'चूक' नावाचं एक मूळ ऑब्जेक्ट लिहिलंत. कामगाराचा नंबर, खातं, फॉर्म कोणत्या दिवसाचा, एवढं सांगितल्याशिवाय ती चूक जन्मालाच येणार नाही अशी तुम्ही तिची रचना केली होती. मग तिच्या पोटी तीन लेकी: 'यंत्र बंद', 'कामगार आला नाही', आणि 'फुंक पुरी झाली नाही'. आईचं सगळं लेकींना मिळालं, वर प्रत्येकीचं स्वतःचं थोडं वेगळं. नावं मराठी, अक्षरं रोमन. साहेब ती पाहून हसले होते. "मॅडम, हे प्रोग्रॅमिंग आहे की लग्नपत्रिका?"

"साहेब, आजारी माणूस डॉक्टरले सांगते का, मले कोड नंबर चार झाला म्हणून?"

मला तुम्ही समजावलंत ते आजही जसंच्या तसं कानात आहे. "पाह्य, प्रोग्रॅम म्हंजे शिडी. खालच्या पायरीले समजते का काय बिघडलं, पण करायचं काय ते समजत नाही. वरच्या पायरीले करता येते, पण बिघडलं हे तिले दिसत नाही. मंग खालचीनं वर द्यावं. नाव घेऊन द्यावं. आणि मधल्या पायरीनं एवढंच विचारावं, हे माह्यं हाय का? असन तं निस्तर, नसन तं पुढं दे. लपवू नोको."

त्या पास्कलमध्ये चूक आपसूक वर जायची सोय नव्हती. तुम्ही ती हातानं बांधलीत. प्रत्येक पायरीवर खालून काय आलं ते तपासायचं. एका जागी तपासायचं राहिलं की चूक तिथेच विरणार. तुम्ही लांबलचक प्रिंटआउट फरशीवर पसरून, गुडघ्यावर बसून, एकेक पायरी लाल पेन्सिलनं टिपायचात. 'यंत्र बंद' दुरुस्ती खात्याच्या यादीत जायची, 'आला नाही' टाइमऑफिसच्या. 'फुंक पुरी झाली नाही' मधे कोणालाच निस्तरता येणार नव्हती; ती थेट डॉक्टरांच्या यादीत. आणि बाकीचा गठ्ठा खुशाल पुढे चालायचा. बोबडेला तुम्ही सांगितलंत, घर रिकामं सोड, फक्त कारण लिही. त्याला पटेना. "रिकामं सोडलं तं मशीन मले काही म्हणन नाही?" पहिल्यांदा मशीन काही म्हणालं नाही तेव्हा तो पडद्याला नमस्कार करून गेला.

हे मी मानलं, ताई. भांडलो, पण मानलं. यापुढचं मी अजून मानत नाही.

डॉक्टरांसाठीची पहिली यादी आधी साहेबांच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. "मॅडम, कागदावर आलं की ते झालं. उद्या इन्स्पेक्टर आला, युनियन आली, तर मी काय दाखवू? वरच्या पायरीवर एक ओळ टाका. जे कोणी निस्तरलं नाही ते सगळं नॉर्मल धरा." एक ओळ! तुमची सगळी शिडी तशीच राहणार, प्रत्येक चूक नाव घेऊन इमानदारीनं वर चढत येणार, आणि शेवटच्या पायरीवर कोणीतरी तिचा गळा दाबणार.

मला वाटलं तुम्ही टेबलावर मूठ आपटाल. तुम्ही म्हणालात, "टेस्टिंग चालू हाय साहेब. थोडा वेळ लागन."

चार महिने तुम्ही हेच म्हणत राहिलात. मी म्हणालो, चौदा नावं छापू, गेटवर वाटू. तुम्ही माझ्या हातातून कागद काढून घेतलात. "छाती त्याईची, नावं त्याईची. तू कोन वाटणारा? उद्या त्याच्या पोरीच्या सोयरिकीत कोनी म्हटलं, बापाची छाती गेली, तं तू येशीन का समजवाले?" मी म्हणालो, मग काय करायचं, बसून राहायचं? तुम्ही त्या कागदाची घडी घातलीत आणि कामाला लागलात. तुमची ही गप्प राहायची सवय मला कधीच सहन झाली नाही.

शेवटच्या शनिवारी सीताबर्डीच्या बसस्टॉपवर मी तुम्हाला जे बोललो ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हणालो, "ताई, तुम्हीही साहेबांची वरची पायरी झालात. आलेलं गिळता." तुमच्या हातात भाजीची पिशवी होती. ती तुम्ही या हातातून त्या हातात घेतलीत. "सोमवारी बोलू," म्हणालात. "माही बस आली." प्रताप नगरची बस खरंच आली होती. रविवारी सकाळी तुम्ही गेलात. आपलं सोमवारचं बोलणं राहिलं, आणि माझं ते वाक्य परत घेण्याची जागाच उरली नाही.

बुधवारी साहेबांनी मला सांगितलं, आता ती ओळ टाकायची, सोमवारपर्यंत. गुरुवारी मी यादी छापली आणि दवाखान्यात गेलो, आजवर यादी मागितली का नाही म्हणून डॉक्टरांशी भांडायला. ते आठवड्यातून एकदाच येतात. मी तोंड उघडण्याआधी तेच म्हणाले, "आज मॅडम नाही आल्या? दर गुरुवारी चारला येतात."

त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. तुमच्या अक्षरात चौदा नावं. नऊ नावांवर रेघ. चार महिने तुम्ही दर गुरुवारी हातानं लिहिलेली यादी घेऊन जात होतात, एकेका माणसाला बोलावून पुन्हा तपासून घेत होतात, आणि डॉक्टर 'दुसरे काम द्यावे' अशी चिठ्ठी देत होते. चिठ्ठीवर खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादमच, माणूस बदलतो. साहेबांपर्यंत जावंच लागत नाही. नामदेव महिन्यापूर्वीच घडीखात्यात गेला होता. तिथे धूळ नाही, कापडाच्या घड्या घालायच्या.

मी दवाखान्याच्या बाकावर बसलो आणि रडलो. मग संतापलो. का नाही सांगितलंत? मी काय बोबडेच्या पायरीवरचाही नव्हतो? मला जे वाटत होतं ते तुम्ही वाटू दिलंत, बसस्टॉपवर ते वाक्य ऐकून घेतलंत, पिशवी बदललीत आणि बसमध्ये चढलात!

तसाच घडीखात्यात गेलो. नामदेवला विचारलं, तुला इकडे का पाठवलं माहीत आहे?

"म्हातारा झालो म्हणून. ताईनंच हलवलं म्हणे. मी तं नाराजच होतो त्याईच्यावर," तो म्हणाला. मग खाली बघत, "शोकसभेले बी आलो नाही."

"सोमवारी छातीवर कोणी बसतं का अजून?"

त्यानं आठवून पाहिलं. "नाही बा. ते तं बसत नाही आता."

ऐकलंत, ताई? तुम्ही त्याचा श्वास वाचवलात आणि तो तुमच्यावर रुसून बसला होता, कारण त्याच्या छातीची बातमी मशीनला होती, मला होती, डॉक्टरांना होती, साहेबांना होती, फक्त त्याला नव्हती. तुम्ही चूक वर कशी न्यायची याची एवढी सुंदर शिडी बांधलीत, आणि ज्याच्या घशातून ती निघाली त्याच्याकडे जाणारी एकही पायरी तिच्यात नव्हती. वर कोणी धड माणूस नाही म्हणून तुम्ही स्वतःच वरची पायरी होऊन बसलात. एकटीनं. आणि तुम्ही गेलात त्या दिवशी पाच नावांसाठी ती जागा रिकामी झाली. हे बरोबर होतं का? तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "मंग तू काय केलं असतं, गेटवर कागद वाटले असते?" नसते वाटले. नावं त्यांची आहेत हे तुमचंच म्हणणं मला आता पटलं आहे. म्हणूनच ती त्यांना द्यायला हवी होती.

काल मी प्रोग्रॅमच्या वरच्या पायरीशी कामाला बसलो. साहेबांची ओळ लिहिली नाही. 'फुंक पुरी झाली नाही' या तुमच्या लेकीला मी आणखी एक काम दिलं: वर जाण्याआधी एक चिठ्ठी छापायची. कामगाराचं नाव, नंबर, खातं, आणि खाली तीन वाक्यं. यंदा तुमची फुंक पुरी झाली नाही. त्यामुळे तुमचा आकडा आमच्याकडे नाही. गुरुवारी चार वाजता डॉक्टरांना भेटा. त्याखाली माझी सही. वहीत रेघ न पडलेल्या पाच जणांच्या पाच चिठ्ठ्या काढल्या. पाळी सुटताना एकेकाला बाजूला घेऊन त्याची त्याच्या हातात दिली.

शेवटची रीलिंग खात्यातल्या, सुताच्या लडी करणाऱ्या सुभद्राबाईंची होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि अक्षर-अक्षर लावत मोठ्यानं वाचली. "फुंक... पुरी... झाली... नाही." मग माझ्याकडे पाहिलं, मी मूर्ख असल्यासारखं.

"व्हय तं. मी तवाच म्हटलं होतं त्या कंपाउंडरले. नाही झाली रे माही, पुन्हा घे म्हणून."

"मग?"

"मंग काय? कोन ऐकते?"

ती बाई चार महिन्यांच्याही आधी बोलून बसली होती, ताई. नाव घेऊन, स्वच्छ. आपण दोघं तुमच्या पास्कलवर आणि माझ्या पत्रकांवर भांडत होतो, आणि दोघांपैकी एकालाही तिला जाऊन विचारायचं सुचलं नाही. तुमचा राग करता करता हा माझ्याही अंगावर आला आहे. तो तुम्ही वाटून घ्यायला नाही आहात, म्हणून जास्त आहे.

मी सुभद्राबाईंना सांगितलं की सोमवारी दहा वाजता साहेबांनी मला बोलावलं आहे, बहुधा याच चिठ्ठीसाठी, आणि कदाचित त्यानंतर मी या गिरणीत नसेन. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि कनवटीला खोचली.

"दहा वाजता ना? मी बी येते म्हणते. माहीच तं फुंक हाय."

मी त्यांना नको म्हणणार होतो. कारण शोधलं. सापडलं नाही.